गवताच्या बियांतला पाहुणा

अल्कलॉइड, म्हणजे किडीला किंवा जनावराला बाधणारं नत्रयुक्त रसायन, असलेलं गवत बियांपासून वाढवायचं म्हटलं की लोक आधी माती आणि पाणी विचारतात. त्याकडे येऊच, पण त्याआधी एक विचारायला हवं: तुमच्या गवतातलं अल्कलॉइड बनवतं कोण? बार्लीच्या अनेक वाणांत ग्रामीन सापडतं, ते बार्ली स्वतः बनवते. फॅलॅरिस वंशातली गवतंही आपली अल्कलॉइडं स्वतःच तयार करतात. तिथं बी जगलं की गुणही जगला. टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास या कुरणातल्या गवतांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातलं अर्गोव्हॅलिन, लोलिट्रेम-बी, पेरामीन ही अल्कलॉइडं गवताची नाहीतच. ती गवताच्या आत राहणाऱ्या एपिक्लोई नावाच्या बुरशीची आहेत. आज बोलायचंय ते याच जोडीबद्दल, कारण घरी फसगत होते ती इथेच.

ही बुरशी पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या फटींतून राहते. बाहेरून डाग नाही, पावडर नाही, काही नाही. ती आईकडून बियांत उतरते आणि बियांतून रोपात. शेजारच्या कुंडीतल्या रोपाकडे ती जात नाही. म्हणजे बियांत नसेल किंवा मेलेली असेल, तर नंतर कितीही काळजी घ्या, ती येणार नाही.

केंटकी-३१ या फेस्क्यूचं उदाहरण घ्या. त्याचं बी १९३१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीमधल्या एका डोंगरउतारावरून गोळा केलं गेलं आणि १९४३ मध्ये वाण प्रसारित झालं. उन्हाळ्यात टिकणारं, किडीला न जुमानणारं म्हणून ते झपाट्यानं पसरलं. त्याच कुरणांत जनावरं मात्र धापा टाकायची, वजन धरत नव्हती, थंडीत काहींचे खूर सडायचे. बुरशीकडे बोट दाखवणारा अभ्यास यायला १९७७ साल उजाडलं. किडीपासून राखणारी आणि जनावराला बाधणारी बुरशी एकच होती.

आता बियाणं. बीपेक्षा बुरशी लवकर मरते, ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उबदार, दमट कपाटात पाकीट वर्ष-दीड वर्ष पडलं, तर बी ऐंशी-नव्वद टक्के उगवेल आणि बुरशी जवळजवळ संपलेली असेल. म्हणून बी ताजं घ्या. पाकिटावर उगवणीची टक्केवारी असते तिच्यावर भुलू नका, ती बीबद्दल सांगते, पाहुण्याबद्दल नाही. साठवायचं तर बी कोरडं करून हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, सुमारे ५ अंशांवर ठेवा. ओलं बी थंडीत ठेवून काही साधत नाही, आधी वाळवणं आलंच. आणि उगवण लवकर व्हावी म्हणून कढत पाण्यात भिजवण्याची सवय असेल, तर ती इथे सोडा. बियांतली बुरशी मारायचीच असेल, तेव्हा मुद्दाम गरम पाण्याची प्रक्रिया करतात.

पेरणी सोपी आहे. १५ सेंटीमीटरची कुंडी, तळाला भोकं. दोन भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग माती, एक भाग जाड वाळू. मिश्रण आधी भिजवा, जास्तीचं पाणी निथळू द्या, आणि वाफसा आला की पेरा. पंचवीस-तीस बिया पसरून वर पाऊण ते एक सेंटीमीटर माती, तळहातानं हलकी दाबलेली. १५ ते २५ अंश तापमान असेल तर रायग्रास पाच ते दहा दिवसांत दिसतं, फेस्क्यू सात ते चौदा. ३० अंशांच्या वर उगवण विस्कळीत होते, तेव्हा सावलीत ठेवा. पाणी फवाऱ्यानं, धारेनं नाही. धारेनं बी एका कडेला वाहून जातं आणि मातीवर पापुद्रा धरतो. मग बी उगवूनही वर येत नाही, आत वळलेलं सापडतं.

रोपं दोन पानांवर असताना बुडाशी बारीक होऊन आडवी पडायला लागली, तर ती रोपमर, मातीतल्या दुसऱ्या बुरशांचा रोग. निमित्त बहुधा एकच: दाट पेर आणि सतत ओली माती. इथे हात आंतरप्रवाही बुरशीनाशकाकडे जातो आणि घोटाळा होतो. ते औषध झाडभर पसरतं. रोपमर थांबो न थांबो, आतला एपिक्लोईही त्यानं मरू शकतो. याच कारणानं बुरशीनाशक चोळलेलं बी या कामाला घेऊ नये. पाणी कमी करा, हवा खेळू द्या, विरळणी करून पाच-सहा रोपं ठेवा. पडलेली रोपं मातीसकट काढा.

बुरशी जिवंत आहे की नाही, हे कसं कळणार? बी रात्रभर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून, रंगवून, दाबून पाहता येतं. पण त्यात मेलेले धागेही दिसतात. त्यामुळे खरी परीक्षा रोपावर. सहा-आठ आठवड्यांनी, फुटवे आल्यावर, फुटव्याच्या अगदी बाहेरच्या जुन्या पानाचा पर्णकोष, म्हणजे दांड्याला वेढणारा पानाचा खालचा भाग घ्या, सुकलेला नव्हे. त्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्यानं सोला, काचपट्टीवर लॅक्टिक आम्लातल्या अ‍ॅनिलिन ब्लूचा थेंब, वर झाकणकाच, आणि ४०० पट मोठं करून बघा. पेशी विटांसारख्या लांबट ओळीत दिसतील. त्यांच्या मधून लांबीच्या दिशेनं नागमोडी जाणारा, सहसा फांद्या न फुटणारा निळा दोरा दिसला, की ती आपली. पेशींवरून आडवेतिडवे जाणारे, फांद्या फुटलेले धागे दुसऱ्याच कुणाचे. सगळ्या कुंड्या मिळून वीस रोपं तपासा. सोळांत सापडली तर ऐंशी टक्के. एका रोपावरून निष्कर्ष काढणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि इथे प्रत्येक शीत वेगळं असतं. चांगलं रोप सापडलं की पुढे बियांमागे न लागता फुटवे वेगळे करून लावा, बुरशी सोबत येते.

अल्कलॉइड झाडात सारखं वाटलेलं नसतं. अर्गोव्हॅलिन आणि लोलिट्रेम-बी बुडाच्या पर्णकोषांत आणि कणसांत जास्त, पेरामीन पात्यांतही बऱ्यापैकी. म्हणून कणीस येऊ देऊ नका, दांडा दिसला की कापा. त्यामुळे बी आसपास सांडत नाही. शिवाय फुलोऱ्यातल्या गवतावर अर्गट या दुसऱ्या बुरशीचे काळे दाणे धरू शकतात, तेही टळतं. अर्गट आणि एपिक्लोई एकाच कुळातल्या, पण अर्गट बाहेरून लागतो आणि डोळ्यांना दिसतो.

कापलेलं गवत ससा, गिनीपिग, शेळी, घोडा, कुणालाही घालू नका. गाभण घोडीला तर नकोच: गर्भकाळ लांबतो, वार जाड होते, दूध उतरत नाही. वाळवल्यानं अर्गोव्हॅलिन थोडं उतरतं, लोलिट्रेम-बी टिकून राहतं, त्यामुळे वाळलं म्हणजे निर्धोक झालं असं समजू नये. जनावरासाठीच गवत हवं असेल तर बुरशीमुक्त बी घ्या, किंवा रायग्रासमध्ये एआर-१ सारखी निवडलेली बुरशी असलेलं. ती पेरामीन बनवते, लोलिट्रेम-बी बनवत नाही. मात्र त्याचंही पाकीट ताजंच लागतं, आणि घरी आणल्यावर फ्रीजमध्येच.