शेवटचा शब्द पोरांचा

आता या अंगणवाडीतल्या ताई काय करतायत ते नीट बघा. "ये रे ये रे पावसा, तुला देतो..." एवढं म्हणतात आणि गप्प बसतात, की समोरची सगळी पोरं एकदम ओरडतात, "पैसा!" हे गाणं तर पाठच असतं त्यांचं, पण पुढे ताई स्वतःची एक ओळ टाकतात, "मनीमाऊ गेली शाळेत, जाऊन बसली..." आणि थांबतात. कुणी म्हणतं माळेत, कुणी म्हणतं गाळेत, एक छोटी तर चक्क "टाळेत" म्हणते, अर्थ काहीच नाही, पण यमक पक्कं जुळलंय ना! ताई तिघांचंही घेतात आणि तिन्ही ओळी सगळ्यांकडून म्हणून घेतात.

मला वाटतं लहान मुलांना कविता शिकवायची म्हणजे हेच, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा सोडायचा. आपण काय करतो, तर पाहुणे आले की पोराला उभं करतो, म्हणून दाखव रे, आणि मधे एक शब्द चुकला की लगेच टोकतो, मग पुढच्या वेळी ते आईच्या मागे लपतं, त्यात त्याचं काय चुकलं?

यात नुसती मजा आहे असंही नाही. १९८३ साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा अभ्यास आला, चार-पाच वर्षांच्या मुलांना काही शब्द ऐकवून वेगळा वाजणारा ओळखायला सांगायचे, आपल्याकडे शाळा, काळा, माळा, पाटी असं म्हणता येईल. ज्यांना हे चांगलं जमायचं ती मुलं पुढे वाचायला आणि स्पेलिंगलाही सरस निघाली. म्हणजे अक्षरं गिरवायच्या कितीतरी आधी कान तयार व्हायला लागतो.

हाताला पण काम द्या. "आपडी थापडी, गुळाची पापडी" म्हणताना शब्दाशब्दाला टाळी पडते आणि ठेका आपोआप अंगात भिनतो. आपडी म्हणजे काय हे कुठलंच मूल विचारत नाही, मग आपण तरी पहिल्याच दिवशी अर्थ सांगायची घाई कशाला करायची.

आणि गाणं मुलाच्या घरच्या बोलीतलं असेल तर फारच छान. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला वारली पाड्यांपर्यंत गेलं, मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गाण्यांचंही तसंच करता येतं. तुमच्या वर्गात वारली, अहिराणी, कोकणी, बंजारा बोलणारी पोरं असतील तर त्यांच्या आज्यांना एक दिवस बोलवा, त्यांना म्हणू द्या, आणि ताईंनी पोरांसोबत खाली बसून ते शिकून घ्यावं, शेवटचा शब्द आज्जीने सोडायचा आणि ताईंनी ओळखायचा.