वाळपय ते पणजी: 64 जीबी नेटने की बसने?

श्रोतेहो, नमस्कार.

जत्रेतल्या नाटकाचं तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण केलं की सहज 64 जीबीचा ऐवज जमतो. तो वाळपयहून पणजीला संकलनासाठी पाठवायचा आहे. नेटने पाठवावा की कदंब बसने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने? हिशेब मांडू.

नेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईल मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटात 8 बिट. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर अपलोडला 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट मिळाले, तर सेकंदाला पाव मेगाबाइट सरकतो. 64 जीबीला 71 तास लागतील, तेही जोडणी एकदाही तुटली नाही तर.

‘पण व्हिडिओ तर बरे दिसतात की,’ असं कुणी म्हणेल. दिसतात, कारण टॉवर दहा-वीस वॉटच्या किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमचा फोन उत्तर देतो जेमतेम 0.2 वॉटने. मध्ये डोंगर आला की आधी फोनचा आवाज बसतो, म्हणून अपलोड पहिलं मरतं. शिवाय पुष्कळ टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्ह तबकड्यांनी जोडलेले असतात. जास्त वारंवारतेच्या लहरींवर चालणाऱ्या जोडणीत मुसळधार पाऊस सिग्नल शोषतो. त्यात वीज गेली की संपलंच.

आता बस. साखळीमार्गे दोन तास धरा. दोन तासांत 64 जीबी म्हणजे 71 एमबीपीएस, असं सांगून लोक खूश होतात. हा हिशेब अर्धवट आहे. साधा पेनड्राइव्ह लिहिताना सेकंदाला 10 मेगाबाइटच घेतो. भरायलाच पावणेदोन तास जातात. पणजीत 30 मेगाबाइटच्या वेगाने उतरवायला आणखी अर्धा-पाऊण तास. एकूण साडेचार तास, म्हणजे वेग सुमारे 32 एमबीपीएस. तरी नेटच्या सोळापट! सेकंदाला 300 मेगाबाइट झेपणारी एसएसडी (फिरती चकती नसलेला वेगवान ड्राइव्ह) आणि दोन्हीकडे यूएसबी 3 चं पोर्ट असेल, तर भरणं-उतरवणं मिळून सातेक मिनिटांत आटपतं.

2009 साली दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या कबुतराने पायाला बांधलेलं 4 जीबीचं कार्ड सुमारे 80 किलोमीटर नेलं. कार्ड पोचून उतरवून होईपर्यंत नेटवरून जेमतेम 4 टक्के माहिती गेली होती. मात्र वाहतुकीत एक खोट असते: ती थांबली की सगळंच थांबतं. 2017 मध्ये कृष्णविवराच्या चित्रासाठी निरीक्षणं झाली, तेव्हा दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून राहिल्या. विमानच उतरत नव्हतं.

म्हणून लहान काम नेटवरच करा. 2 एमबीपीएसवर तासाला कागदोपत्री 900 मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात त्याहून कमी. दीड जीबीपर्यंत नेट, त्यापुढे बस, असं ढोबळ गणित ठेवा.

पाठवताना काय बिघडतं? पहिलं म्हणजे, जुन्या फॅट-32 मांडणीत 4 जीबीहून मोठी फाईल मावतच नाही. जागा मोकळी असूनही कॉपी अडते. ड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. 64 जीबीसाठी 128 चाच घ्या, काठोकाठ भरू नका. व्हिडिओ झिप करत बसू नका, तो आधीच दाबलेला असतो. वेळ जाईल, आकार तेवढाच राहील. कॉपीची पट्टी संपली म्हणून लगेच ड्राइव्ह उपटू नका. काही माहिती अजून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकते, म्हणून ‘इजेक्ट’ करूनच काढा. फिरती हार्डडिस्क असेल तर चक्र थांबेपर्यंत उचलू नका. पावसाळ्यात झिप असलेली प्लास्टिकची पिशवी हवीच.

फाईल धड पोचली का, हे नुसता आकार पाहून कळत नाही. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाईलमधल्या माहितीवरून निघणारी तिची ओळखखूण, काढा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आहे. तिच्यात एसएचए-256 ही पद्धत निवडली की 64 अक्षरांची ओळ मिळते. ही ओळ मेसेजने पुढे पाठवा. त्याला कसलंही नेट पुरतं. पणजीत तीच ओळ निघाली तर फाईल जशीच्या तशी आहे. तसा निरोप येईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं पुसू नका, मग दुसऱ्या दिवशी दुसरं नाटक का असेना. जास्तीची कार्डं विकत घ्या.

आणि ड्राइव्ह बसमध्ये राहू शकतो. खाजगी काही असेल तर तो पासवर्डने कुलूपबंद करा, आणि पासवर्ड फोनवर सांगा. ड्राइव्हला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहू नका.