बारा फुटी बोर्ड आणि गंगापूरचा वारा

(दृश्य : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड. ताडपत्री ओढून बाजूला केली जाते.)

हा विंडसर्फिंगचा बोर्ड आहे, म्हणजे शीड लावून, वर उभं राहून वाऱ्यावर चालवायची पाण्यावरची फळी. लांबी बारा फूट, रुंदी दोन फुटांहून थोडी जास्त. इथे तो वर्षानुवर्षं पडून आहे. भंगारवाल्यालाही नको होता, कारण फायबर वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्याला किलोमागे दमडी मिळत नाही.

(दृश्य : बोर्ड वजनकाट्यावर.)

काटा तिसाच्या पुढे गेला. अशा बोर्डाचं कोरडं वजन वीस किलोच्या आसपास असतं. वरचा भार सगळा पाण्याचा. बाहेर फायबरचं कवच, आत फोम, आणि त्या फोमने तडे गेलेल्या जागांमधून पाणी पिऊन ठेवलंय. जुना बोर्ड बघायचा तर आधी त्याचं वजन करायचं. रंग नंतर.

(दृश्य : वहीवर पेन्सिलने काढलेली आकृती. पाट, त्यावर डोलकाठी, त्रिकोणी शीड.)

या आकृतीत एक गोष्ट नीट बघा. सुकाणू नाही. डोलकाठी बोर्डात पक्की रोवलेली नाही. बुडाशी सांधा आहे आणि त्यावर ती चारी दिशांना झुकते. वळायचं ते काठी झुकवूनच. कॅलिफोर्नियात विमानांचे अभियंते जिम ड्रेक आणि त्यांचे मित्र होयल श्वाइट्झर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी 1968 मध्ये अर्ज केला, 1970 मध्ये पेटंट मिळालं. त्याआधी, 1965 मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या न्यूमन डार्बींनी शीड लावलेल्या फळीची रचना मासिकात छापली होती. आणि त्याही आधी, 1958 मध्ये, इंग्लंडच्या हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स या शाळकरी पोराने घरीच असा बोर्ड केला होता. शोध कोणाचा, यावरून पुढे कोर्टकज्जे झाले.

आपल्याकडे 1982 च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, त्यात विंडग्लायडर हा बोर्डांचा वर्ग होता. दोन वर्षांनी, 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला हाच विंडग्लायडर ऑलिम्पिकमध्ये आला. आपल्या शेडमधला बोर्ड त्याच पिढीचा. लांब, जाड, पोटात सेंटरबोर्डची, म्हणजे खाली पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीची, खाच.

(दृश्य : ग्राइंडर. पांढरी धूळ. नाकातोंडावर मास्क.)

आता खरं काम. पाणी कुठून शिरलं? बहुतेक जुन्या बोर्डांत दोनच जागा असतात, सेंटरबोर्डच्या खाचेची कड आणि डोलकाठीच्या बुडाची जागा. इथे दोन्ही. कवच कापून ओला फोम बाहेर काढला. हा बघा, बोटाने दाबला की पाणी येतं. उरलेला फोम वाळायला बोर्ड सावलीत, पंख्यासमोर ठेवला. मे महिन्यातलं नाशिकचं ऊन बघून तो उन्हात टाकायचा मोह कोणालाही होईल. पण बंद कवचाच्या आतली हवा तापून फुगते आणि फायबर फोमपासून सुटतं. एकदा सुटलं की पायाखाली पचपचतं. तेव्हा सावलीच बरी, वेळ लागला तरी.

(दृश्य : काचेच्या धाग्याचं कापड, ब्रश, रेझिन.)

ज्यांचे हात तुम्ही बघताय ते काका रोज पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे फायबरचे भाग बनवतात. बोर्डाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावलाय, पण फायबर त्यांना नवं नाही. रिकाम्या जागेत नवा फोम भरला, घासून मूळ आकाराला आणला. तुटलेल्या कवचाच्या कडा उतरत्या घासल्या. सरळ कापलेल्या कडेवर ठिगळ टिकत नाही, उतार दिला की जुनं-नवं एकमेकांवर बसतं. मग एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट रेझिन. रेझिन आणि हार्डनर मोजूनच घ्यायचं, अंदाजाने नाही. एक थर, त्याच्याहून थोडा मोठा दुसरा थर, ब्रशने ठोकून ठोकून आतली हवा बाहेर. हे ठोकणं बघत राहावंसं वाटतं. काका एकही बुडबुडा सोडत नाहीत.

रंग पांढरा. गडद रंगाने बोर्ड तापतो. जिथे पाय ठेवायचे तिथल्या ओल्या रंगावर धुतलेली बारीक वाळू भुरभुरली, म्हणजे पाय घसरणार नाहीत.

(दृश्य : सागाच्या पट्ट्या, शिकंजे.)

शीड धरायला दोन्ही बाजूंनी वाकलेली काठी लागते. तिला बूम म्हणतात. सुरुवातीच्या बोर्डांचे बूम सागाचे असत. नंतर ॲल्युमिनियम आलं. आमच्या बोर्डाचा ॲल्युमिनियमचा बूम गंजून भोकं पडलेला होता, म्हणून आम्ही मागे गेलो, सागाकडे. पेठ-सुरगाण्याकडे सागाची जंगलं असलेल्या जिल्ह्यात याहून सरळ निवड नाही. सुतारांनी पातळ पट्ट्या काढल्या, साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवल्या. साग तेलकट. चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी ॲसिटोनने पुसली नाही तर जोड धरत नाही. शिकंजे आवळले की कडेने गोंदाची अशी रेघ बाहेर येते. रेघ सलग आली म्हणजे जोड भरला.

(दृश्य : जुन्या नाशकातलं ताडपत्रीचं दुकान. जाड सुईची मशीन.)

शीड पॉलिएस्टरचं. उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. उंदरांनी कुरतडलेला कोपरा सोडला तर कापड धड होतं, शिवण मात्र नखाने उसवत होती. दुकानातल्या चाचांनी अख्खी शिवण नागमोडी घातली. शिडावर ताण आला की कापड थोडं ताणतं, सरळ शिवणीतला दोरा तुटतो, नागमोडी शिवण कापडाबरोबर ताणते.

(दृश्य : गंगापूर धरण. दुपार. अंजनेरीच्या बाजूने वारा.)

हे गंगापूर धरण. गोदावरीवरचं मातीचं धरण, 1965 सालचं. नाशिक शहर हे पाणी पितं. म्हणूनच इथे शीड हवं असं आम्हाला वाटतं. शिडाला इंजिन नाही, पेट्रोल नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, आवाज नाही. रीतसर परवानगी, लाइफ जॅकेट आणि सोबत एक होडी, एवढं करून आम्ही पाण्यात उतरलो.

(दृश्य : बोर्डावर उभी मुलगी. दोरीने शीड उचलते.)

पाठ वाऱ्याकडे. दोरी हळूहळू ओढायची, शिडातलं पाणी निथळू द्यायचं. घाई केली की कंबर धरते. काठी उभी राहिली की पुढचा हात बूमवर, मग मागचा. मागचा हात जवळ घेतला, शिडात वारा भरला. बोर्ड निघाला!

काठी पुढे झुकवली की नाक वाऱ्यापासून वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे. खाली सेंटरबोर्ड पाणी धरून ठेवतो, म्हणून बोर्ड आडवा वाहत जात नाही. झेपलं नाही तर बूम सोडून द्यायचा. शीड पाण्यात पडतं, बोर्ड थांबतो.

(दृश्य : एकामागून एक पडणं. पुन्हा चढणं.)

आजचे बरेच आखूड बोर्ड जोराचा वारा नसला की माणसाला नीट पेलतही नाहीत. हा जुना बारा फुटी बोर्ड मंद वाऱ्यातही उभं राहू देतो, आणि धरणाच्या पाण्यावर वारा असाच असतो, कधी आहे, कधी गेला. शिकायला यापेक्षा चांगलं साधन नाही, हे आम्ही पाहून सांगतोय. गंगावऱ्हे गावची दोन मुलं आता न पडता या काठावरून त्या काठावर जाऊन येतात.

(दृश्य : काठावर बोर्ड, शेजारी रांगेत उभी मुलं.)

एक बोर्ड पुरत नाही. मुंबईत, पुण्यात, कुठल्या तरी क्लबच्या मागच्या खोलीत असे बोर्ड अजून पडून असणार. तुमच्या ओळखीत एखादा असेल तर भंगारात देऊ नका, आम्हाला कळवा. शीड फाटलेलं चालेल, बूम नसला तरी चालेल. रंगाचं तर नावच नको. सेंटरबोर्डची खाच तेवढी आतून बोट फिरवून बघा, आणि बोर्ड उचलून किती जड लागतो ते सांगा.