धातूला धरून ठेवणारी औषधे

श्रोतेहो, नमस्कार.

डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घरात असेल, तर तिच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे जरूर वाचा. काही बाटल्यांवर मुख्य औषधाच्या जोडीला ‘डायसोडियम एडिटेट’ हे नाव छापलेले आढळते. ईडीटीए म्हणतात ते हेच. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रथम तयार झालेल्या या रसायनाचा रेणू, खेकडा नांगीत भक्ष्य पकडतो तसा, धातूच्या आयनाला एकाच वेळी सहा ठिकाणी धरून ठेवतो. असे काम करणाऱ्या पदार्थांना किलेटिंग द्रव्ये म्हणतात आणि आजचे भाषण त्यांच्याविषयीच आहे.

थेंबांत त्याचे काम काय? कच्च्या मालातून, पाण्यातून किंवा यंत्रसामग्रीतून तांब्याचे आणि लोखंडाचे सूक्ष्म अंश औषधात उतरतात, आणि त्यांच्यामुळे ॲड्रेनॅलिन किंवा क जीवनसत्त्व यांसारखी नाजूक द्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून लवकर खराब होतात. ईडीटीए हे धातू बांधून टाकते. शिवाय, डोळ्याला गंभीर इजा करणाऱ्या स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंचे बाह्य आवरण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आधाराने एकसंध राहते. ईडीटीएने तो आधार काढून घेतला की आवरण ढिले पडते आणि थेंबांतील जंतुनाशकाला आत शिरता येते. रक्ततपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतही हेच द्रव्य असते. रक्तातील कॅल्शियम ते धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. ही शेवटची गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यावर एका मुलीचे प्राण अवलंबून होते.

विषबाधेवरील उपचारात या द्रव्यांचा प्रवेश झाला तो युद्धामुळे. ल्यूइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डमधील रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डायमरकॅप्रॉल तयार केले. ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत खोलवर टोचावे लागते आणि ते टोचणे फार वेदनादायक असते. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी विल्सन रोगात साठणारे तांबे बाहेर काढण्यासाठी पेनिसिलामाइन पुढे आणले. थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात वारंवार रक्त दिल्यामुळे लोह साठत जाते. त्यासाठी रोज तासन्‌तास त्वचेखाली सुई ठेवून औषध द्यावे लागत असे. तोंडाने घ्यायचे डेफेरिप्रोन लंडनच्या संशोधकांनी शोधले, परंतु ते बाजारात आणले मुंबईच्या सिप्ला कंपनीने, १९९० च्या दशकात. आपल्याकडील थॅलेसेमियाग्रस्त कुटुंबांसाठी ही घटना किती मोठी होती, हे त्या घरांतच कळते.

शिशाच्या विषबाधेत ईडीटीए शिरेतून देतात, पण ते ‘कॅल्शियम’ डायसोडियम ईडीटीए. त्याच्या रेणूत कॅल्शियम आधीच बसवलेले असते. शिशाशी ईडीटीएचे बंध कॅल्शियमपेक्षा एक कोटी पटीहूनही बळकट होतात, त्यामुळे रेणू रक्तात आपले कॅल्शियम सोडतो, शिसे घेतो आणि मूत्रावाटे निघून जातो. कॅल्शियम न बसवलेले साधे डायसोडियम ईडीटीए मात्र शिरेतून दिले, तर ते रक्तातील कॅल्शियमच ओढून घेते. जांभळ्या झाकणाच्या नळीत जे घडते, ते मग वाहत्या रक्तात घडू लागते, आणि कॅल्शियमवाचून हृदयाला आकुंचन पावता येत नाही.

२००५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात दोन वर्षांच्या एका मुलीच्या नेहमीच्या तपासणीत रक्तात दर डेसिलिटरमागे ४८ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. उपचार योग्य ठरवला गेला होता, पहिली मात्राही बरोबर दिली गेली. नंतरच्या मात्रेच्या वेळी मात्र कॅल्शियमविरहित औषध दिले गेले आणि तिचे हृदय बंद पडले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याला हे द्रव्य स्वमग्नतेवर उपचार म्हणून दिले जात होते, आणि स्वमग्नतेवर किलेशनचा, म्हणजे धातू बांधून बाहेर काढण्याच्या उपचाराचा, उपयोग होतो याला कोणताही पुरावा नाही. ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली आपल्याकडेही हा उपचार सुचवला जात असेल, तर कॅल्शियम बसवलेले ईडीटीए वापरणार की साधे आणि रक्तातील शिसे मोजले आहे का, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत.

मोजणे महत्त्वाचे, कारण कमी पातळीवर या औषधांचा लाभ दिसलेला नाही. २० ते ४४ मायक्रोग्रॅम पातळीच्या मुलांना अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत सक्सिमर हे तोंडाने घ्यायचे किलेटिंग औषध दिले, तेव्हा रक्तातील शिसे उतरले, पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बुद्धीच्या वाढीत फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार मुलांमध्ये ४५ मायक्रोग्रॅम आणि त्यापुढे हा उपचार करायचा असतो. आणि पातळी कोणतीही असो, शिसे येते कुठून ते शोधून ती वाट बंद करणे हे पहिले काम.

नायजेरियातील झामफारा प्रांतात २०१० साली याचा फार कठोर प्रत्यय आला. सोन्याचे खनिज घराघरांत दळले जात होते, त्यातील शिशाची धूळ अंगणात साचली आणि शेकडो मुले मेली. ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेच्या डॉक्टरांकडे सक्सिमर होते, पण विषारी अंगणात परतणाऱ्या मुलाला ते देऊन उपयोग नव्हता. म्हणून आधी गावाची माती खरवडून काढायची आणि मगच उपचार, असा क्रम त्यांनी ठेवला. बागेगा या गावाची सफाई निधीअभावी रखडली आणि २०१३ साली झाली. तोपर्यंत तेथील मुलांना औषधाची वाट पाहावी लागली.