गारांस: मुळातून आलेलं एक फ्रेंच नाव

नमस्कार मंडळी. आज एकाच नावाबद्दल बोलायचं आहे. गारांस. फ्रान्समध्ये मुलींचं ठेवतात. आधी उच्चार नीट करून घेऊ. 'र' घशातून काढायचा, 'रां' नाकात म्हणायचा, पण त्यात सुटा 'न्' ऐकू येता कामा नये. शेवटचा 'स' तोकडाच. फ्रेंच लिपीत शेवटी आणखी एक स्वर लिहितात, तो बोलायचा नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मुलीचं नाव असू शकतं, असं फ्रान्समध्ये क्वचितच कुणाच्या मनात आलं असतं. आज तिथे दरवर्षी शेकड्यांनी मुलींचं हे नाव ठेवलं जातं. याचं श्रेय सरसकट एका सिनेमाला देण्याची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. सिनेमानं नाव कानावर घातलं. ते ठेवायची मोकळीक मिळायला मात्र कायदा बदलावा लागला, आणि त्याला बराच काळ गेला.

गारांस म्हणजे आधी एक रंग देणारी वनस्पती, रुबिया टिंक्टोरम. आपली मंजिष्ठा, रुबिया कॉर्डिफोलिया, ही तिची सख्खी बहीण. काष्ठौषधींच्या दुकानात मंजिष्ठेच्या तांबूस काड्या मिळतात, त्या पाहिल्या असतील तर गारांसच्या मुळांची कल्पना येईल. दोघींच्या रंगात फरक आहे. युरोपातल्या मुळात अलिझारिन हे लाल द्रव्य मुख्य. मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन जास्त. या दुसऱ्या द्रव्याचं नाव तर मंजिष्ठेवरूनच पडलेलं आहे.

झाड दिसायला साधं. चौकोनी खरखरीत देठ, त्यावर बारीक आकडे, पानं गोल घेरात, फुलं इवलीशी आणि फिकट पिवळी. लाल जे काही आहे ते जमिनीखाली. चांगल्या रंगासाठी मूळ साधारण तिसऱ्या वर्षी खणतात, वाळवतात आणि दळतात. लोकर रंगवायची असेल तर तिच्या वजनाच्या १५ ते २० टक्के तुरटी घेऊन त्या पाण्यात ती आधी मुरवायची. मग लोकरीच्या निम्मी ते तितक्याच वजनाची मुळांची पूड घालून पाणी सावकाश ७० अंशांच्या आसपास न्यायचं आणि तासभर तिथेच ठेवायचं. घाई केली, पाण्याला उकळी आली, की मुळातली पिवळट-तपकिरी द्रव्यंही उतरतात आणि लाल रंग विटकरी होतो. पाणी जरा चुनखडीचं असेल तर लाल खुलतो. लोखंडी भांडं वापरलं तर जांभळट-काळपट छटा येते.

हा शब्द जुना आहे. आठव्या-नवव्या शतकांच्या सांध्यावर फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या जहागिरींच्या कारभारासाठी एक हुकूमनामा निघाला. त्याच्या ४३व्या कलमात बायकांच्या कामशाळांना काय काय पुरवायचं याची यादी आहे: जवसाचे धागे, लोकर, निळ्या रंगासाठी वोड, लाल रंगासाठी किडे आणि 'वारेन्तिया', पुढे लोकरीचे कंगवे, साबण, चरबी. हे 'वारेन्तिया' म्हणजेच गारांस. जर्मानिक बोलींतला आरंभीचा 'व' फ्रेंचमध्ये अनेक शब्दांत 'ग' झाला, तसाच इथेही झाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जाँ आल्तेन या आर्मेनियन माणसानं दक्षिणेत आव्हिन्योंच्या परिसरात या पिकाला जोर आणला. तिथल्या पाणथळ, चुनखडीच्या जमिनी त्याला मानवल्या. आल्तेन-दे-पालू हे गाव आजही त्याचं नाव सांगतं. १८२९ मध्ये फ्रेंच पायदळाला गारांस रंगाच्या विजारी ठरवून दिल्या गेल्या आणि मुळांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. मग १८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं. थोड्याच वर्षांत कारखान्यातला रंग इतका स्वस्त झाला की दक्षिणेतली शेतं उठली. विजारी लालच राहिल्या, पण रंग आता जर्मनीतून येऊ लागला. १९१४ मध्ये त्याच जर्मनीशी युद्ध सुरू झालं, रंग मिळेना, आणि लाल विजार मैदानात दुरून दिसते हेही जिवावर बेतलं. तिची जागा निळसर राखाडी गणवेशानं घेतली.

म्हणजे १९०० च्या सुमाराला 'गारांस' म्हटलं की माणसाला शिपायाची विजार आठवायची. ते बारशाचं नाव व्हायला ही आठवण आधी पुसट व्हायला हवी होती. नावांच्या पुस्तकांत हा भाग सहसा येत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

आता कायदा. क्रांतीनंतरच्या प्रजासत्ताक कॅलेंडरात फाब्र देग्लांतीननं प्रत्येक दिवसाला संताऐवजी एखादं झाड, जनावर किंवा अवजार नेमून दिलं होतं. त्यात ब्रुमेर महिन्याची २३ तारीख, म्हणजे साधारण १३ नोव्हेंबर, गारांसची. पुढे ११ जर्मिनाल, वर्ष ११, अर्थात १ एप्रिल १८०३ चा कायदा आला. त्यानं 'वेगवेगळ्या कॅलेंडरांत प्रचलित' नावं आणि प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावं एवढीच मान्य केली. त्या दिवशी प्रजासत्ताक कॅलेंडर अजून चालू होतं, तेव्हा अक्षरार्थानं पाहिलं तर गारांसला दार उघडं होतं. पण १ जानेवारी १८०६ ला ते कॅलेंडरच गेलं, आणि नोंदणी अधिकारी व्यवहारात संतांच्या यादीकडे बघत राहिले. गारांस नावाची संत नाही. तिथेच गाडं अडलं.

मार्च १९४५ मध्ये मार्सेल कार्ने यांचा, जाक प्रेव्हेर यांनी लिहिलेला 'ले झांफां द्यु पारादी' हा सिनेमा प्रदर्शित झाला. सुरुवातीला म्हटलेला सिनेमा तो हाच. त्यातल्या नायिकेचं खरं नाव क्लेर रेन, पण सगळे तिला गारांस म्हणतात. भूमिका आर्लेती यांची. पात्र सांगतं की हे एका फुलाचं नाव आहे, आणि त्यामुळे पुष्कळांच्या मनात लाल फूल बसलं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ते चूक, फूल पिवळं आहे हे आपण पाहिलंच. नावाच्या दृष्टीनं मात्र ही चूक फार मोलाची ठरली. विजार मागे पडली आणि कुणावर अवलंबून न राहणारी एक देखणी बाई पुढे आली. सिनेमा गाजला तरी मुलींच्या नावांत लगेच लाट आली नाही, कारण जुना कायदा जागेवरच होता.

१२ एप्रिल १९६६ च्या सरकारी सूचनेनं अधिकाऱ्यांना सबुरीनं घ्यायला सांगितलं. पुराणकथांतली नावं, प्रादेशिक बोलींतली नावं आणि स्पष्ट अर्थ असलेले शब्द चालतील, असं त्यात आहे. या शेवटच्या प्रकाराची उदाहरणं म्हणून ऑलिव्ह आणि व्हिओलेत दिली आहेत. गारांस याच रांगेत बसतं. ८ जानेवारी १९९३ च्या कायद्यानं यादीच मोडीत काढली. आता आईवडील नाव ठरवतात, जन्म ५ दिवसांत नोंदवतात, आणि अधिकाऱ्याला नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटलं तर तो सरकारी वकिलाला कळवतो. निर्णय कुटुंब न्यायाधीशाचा. गारांसची लोकप्रियता याच मोकळिकीनंतर खरी वाढली. क्लेमांस, कोंस्तांस या जुन्या नावांचा शेवट कानाला ओळखीचा होताच. शिवाय कापुसीनसारखी झाडाफुलांची नावंही पुन्हा आवडू लागली होती.

आकडे स्वतः पाहायचे असतील तर फ्रान्सची सांख्यिकी संस्था, इंसे, नावांची फाइल मोफत देते. १९०० पासूनची माहिती आहे, पण ती वाचताना चुका होतात. ही यादी फ्रान्समध्ये झालेल्या जन्मांचीच आहे. मोजतात फक्त पहिलं नाव. 'मारी, गारांस' अशी नोंद असेल तर ती मारीत जाते. अनेक वर्षं लागू असलेल्या नियमानुसार एखाद्या वर्षी ३ पेक्षा कमी वेळा ठेवलेलं नाव त्या वर्षापुढे दिसत नाही, आणि एखाद्या कालखंडात २० चा उंबरठा न गाठलेली नावं 'दुर्मीळ नावं' या एकाच ओळीत गोळा होतात. त्यामुळे जुन्या वर्षांसमोर गारांस सापडलं नाही म्हणून ते नाव कुणाचंच नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. १९४६ पूर्वीची माहिती तर मुळातच अपुरी आहे, कारण राष्ट्रीय नोंदवही त्या सुमाराची आणि त्याआधी वारलेले बरेच लोक तिच्यात आलेच नाहीत. जिल्हावार तक्त्यात जिल्हा लिहितात तो जन्मस्थळाचा, म्हणजे प्रसूतिगृह असेल तिथला. मोठी रुग्णालयं असलेल्या शहरांत नाव फार चालतं असं त्यावरून वाटतं. प्रत्यक्षात त्यातली बरीच कुटुंबं शेजारच्या गावांतली असतात.