दुखावलेल्या गुडघ्याचे वर्ष

३० डिसेंबर २०२०, सॅन अँटोनियो. लेकर्सविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्याचा दुसरा क्वार्टर चालू असताना पंचांशी वाद घातल्याबद्दल यजमान संघ स्पर्सचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना मैदानाबाहेर काढण्यात आले. जाता जाता त्यांनी सहायक प्रशिक्षक बेकी हॅमन यांच्याकडे बोट दाखवले आणि संघ आता तुझ्याकडे, एवढेच सांगितले. एनबीए या अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नियमित हंगामातील सामन्यात मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी एका स्त्रीने सांभाळण्याची ही पहिलीच वेळ होती. स्पर्स तो सामना १२१-१०७ असा हरले.

पॉपोविच यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही, याचे कारण सात वर्षे मागे सापडते.

साउथ डकोटातील रॅपिड सिटीत वाढलेल्या, जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या हॅमन यांना १९९९ साली डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एकाही संघाने निवडले नव्हते. न्यूयॉर्क लिबर्टी या संघाने त्यांना करार दिला आणि पुढे त्या सहा वेळा ऑल-स्टार ठरल्या, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडल्या गेल्या. त्या पॉइंट गार्ड होत्या. चेंडू हाती असताना आपल्यासमोरची बचावपटू कुठे झुकते आहे हे पाहायचे आणि त्याच क्षणी उरलेल्या चौघींपैकी कोण मोकळी होणार हे ओळखायचे, हे या जागेचे काम असते. प्रशिक्षकाला लागणारी नजर इथेच घडते, असे आम्हाला वाटते.

जुलै २०१३ मध्ये, सॅन अँटोनियोच्या महिला संघाकडून खेळत असताना, त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि हंगाम तिथेच संपला. छत्तिशीतल्या खेळाडूला अशी दुखापत म्हणजे निवृत्तीची चाहूलच. पण त्याच शहरातल्या स्पर्सच्या सरावाला आणि प्रशिक्षकांच्या बैठकांना त्या जाऊन बसू लागल्या. तिथे त्यांचे मत विचारले जाई आणि त्या ते मोकळेपणाने मांडत. ऑगस्ट २०१४ मध्ये पॉपोविच यांनी त्यांना नेमले, तेव्हा एनबीएमध्ये पूर्ण वेळ, पगारी सहायक प्रशिक्षक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्पर्सने लास वेगासची समर लीग, म्हणजे प्रामुख्याने नवोदितांची उन्हाळी स्पर्धा, जिंकली.

एनबीएतील मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांच्या मुलाखती झाल्या, नेमणूक मात्र झाली नाही. इतक्या तयारीच्या प्रशिक्षकाला ती संधी नाकारली गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ती खुर्ची त्यांना लास वेगास एसेस या महिला संघाने दिली. २०२२ साली, पहिल्याच हंगामात, विजेतेपद. २०२३ मध्ये पुन्हा. २०२५ चा हंगाम मात्र अवघड गेला. २ ऑगस्टला मिनेसोटा लिंक्सने एसेसला घरच्या मैदानावर तब्बल ५३ गुणांनी हरवले. त्यानंतर नियमित हंगामातले उरलेले सोळाच्या सोळा सामने एसेसने जिंकले आणि अंतिम फेरीत फिनिक्स मर्क्युरीला सलग चार वेळा नमवून हॅमन यांच्या चौथ्या हंगामात तिसरे विजेतेपद मिळवले.