फाटकाबाहेरची गर्दी

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या क्रीडास्पर्धेच्या सुरक्षेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे पहिल्यांदा बॉम्ब येतो. ती भीती खोटी नाही. 13 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानाबाहेर तीन आत्मघाती हल्लेखोरांनी स्फोट घडवले. आत फ्रान्स-जर्मनी फुटबॉल सामना चालू होता. हल्लेखोर आत शिरू शकले नाहीत, म्हणून मोठा संहार टळला.

झडती हवीच. पण ती कुठे घ्यायची? 28 मे 2022 ला याच मैदानावर चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना होता. एका लोकल मार्गावर संप होता, म्हणून लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे हजारो प्रेक्षक दुसऱ्या मार्गाने आले आणि महामार्गाखालच्या अरुंद वाटेत अडकले. झडती तिथेच, तिकीट तपासणीही तिथेच. एखाद्याचं तिकीट अडलं की त्याच्यामागे सगळी रांग तुंबायची. घुसमट इतकी वाढली की पोलिसांना ती तपासणी उठवावी लागली, आणि सगळा लोंढा आतल्या फाटकांवर जाऊन थडकला. पुढे अश्रुधूर सोडला गेला; लहान मुलंही त्यात सापडली.

हिशेब बघा. ब्रिटनमध्ये एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. झडतीला माणशी अर्धा मिनिट लागला, तर एक रक्षक तासाला 120 जणांना सोडतो. म्हणजे दर फाटकाला सहा रक्षक हवेत. बॅगा असतील तर आणखी. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर एका बाजूच्या 10,000 हून जास्त प्रेक्षकांना 7 फाटकं होती. दोन तासांतही ते आत गेले नसते. बाहेरची कोंडी फोडायला मोठं दार उघडलं, लोक आधीच भरलेल्या, कुंपणाने बंद केलेल्या कप्प्यांत शिरले, आणि 97 जीव गेले.

म्हणून झडती बाहेरच्या रिंगणावर, तिकीट आत, मध्ये मोकळं पटांगण. तिकीट अडलेल्याला बाजूला घ्यायला वेगळी खिडकी. कॅमेऱ्यावर एक माणूस फक्त दाटी बघायला बसवा: चौरस मीटरमध्ये चारावर पाचवा माणूस दिसला की मागचा लोंढा स्टेशनवरच थांबवायचा. ढकलणारा शेवटी उभा असतो, त्याला पुढची घुसमट दिसत नाही; म्हणून ध्वनिक्षेपक मागे हवा.

आणि सामना लांबणार असेल तर ते आधी बाहेरच्यांना सांगा. सामना चुकेल या धास्तीनेच माणूस रेटतो. 2022 ला मैदानातल्या पडद्यावर कारण झळकलं: प्रेक्षक उशिरा आले. त्यातले कित्येक तेव्हा दोन-दोन तास बंद फाटकांपुढे उभे होते.